चिपटे, फ्लॉपी आणि गिगाबाइट

काही महिन्यांपूर्वी शिक्षकांच्या एका बैठकीसाठी आम्ही नेवाशाला गेलो होतो. बैठक संपल्यावर एक निवृत्त शिक्षक थांबले. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची एक डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत साडेतीन इंची दहा फ्लॉपी चकत्या होत्या. प्रत्येकीवर निळ्या शाईने ‘ओव्या’ असे लिहून पुढे क्रमांक घातला होता. नोकरीत असताना गुरुजींनी आठवी-नववीच्या मुलींकडून आसपासच्या गावांतील आज्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका ओळखीच्या माणसाच्या संगणकावर त्या टंकलिखित करवून घेतल्या. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक आज्या आज हयात नाहीत.

गुरुजींचा प्रश्न मात्र साधा होता. “सर, हे सगळं एका पेनड्राइव्हमध्ये मावेल का? आणि किती जीबीचा आणू?”

मापाच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. बाजारात मिळेल तो लहानात लहान पेनड्राइव्हसुद्धा या दहा चकत्यांसाठी कितीतरी पट मोठा ठरेल. पण हे उत्तर कसे काढायचे, हे सांगू लागल्यावर आमच्या लक्षात आले की फ्लॉपीवर छापलेला ‘१.४४ एमबी’ हा आकडा जितका ओळखीचा, तितकाच फसवा आहे. शिवाय माप कळले म्हणजे मजकूर हाती आला असेही नाही. या लेखात आपण या दोन्ही गोष्टी पाहणार आहोत.

मण एक, मापे अनेक

मापे बदलली की गोंधळ होतो, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. धान्य मापण्याची जुनी कोष्टके ज्यांनी पाठ केली आहेत त्यांना आठवेल: दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. प्रत्येक वेळी दुप्पट किंवा चौपट. रुपयाचेही तसेच होते. रुपयाचा अर्धा भाग अधेली, तिचा अर्धा भाग पावली, तिचा अर्धा भाग चवली आणि चवलीचा अर्धा भाग आणा. आण्याचे चार पैसे धरले की रुपयाचे ६४ पैसे होतात. ६४ म्हणजे दोनचा सहावा घात. समोरच्या वस्तूचे किंवा ढिगाचे दोन सारखे भाग करणे हाताला आणि डोळ्याला सोपे जाते, म्हणून रोजच्या व्यवहारात दोनच्या घातांची मापे रुजली. दहाच्या घातांची मापे हिशेबाला सोयीची, पण एका ढिगाचे दहा सारखे भाग डोळ्याने करून पाहा, म्हणजे अडचण कळेल.

मोठ्या मापांत खरी गडबड होती. मण हा शब्द सगळीकडे होता, पण मण सगळीकडे सारखा नव्हता. ब्रिटिश काळात व्यापारातला मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा होता. बंगाली मण मात्र ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३७.३ किलोचा होता. ‘दहा मण’ एवढेच कागदावर लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ गाव, माल आणि काळ ठाऊक असल्याशिवाय लागत नाही. भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली.

‘मण’ या शब्दासारखीच ‘मेगाबाइट’ या शब्दाची स्थिती आहे. फरक एवढाच की मणाची मापे गावोगाव वेगळी होती, तर मेगाबाइटची तीन वेगवेगळी मापे एकाच टेबलावर एकाच वेळी वापरात होती.

चकतीचे अंकगणित

संगणक माहिती साठवतो ती शून्य आणि एक या दोन खुणांत. अशा एका खुणेला बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या गटाला बाइट. एका बाइटमध्ये दोनचा आठवा घात, म्हणजे २५६ वेगवेगळ्या खुणा करता येतात. रोमन लिपीतील अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांना एवढ्या खुणा पुरून उरतात. म्हणून सुरुवातीच्या काळात ‘एक अक्षर म्हणजे एक बाइट’ हा हिशेब सर्रास चाले.

फ्लॉपी म्हणजे लवचिक पॉलिएस्टरची पातळ चकती. तिच्या पृष्ठभागावर चुंबकीय लोहसंयुगाचा लेप असतो. चकती फिरते आणि वाचन-लेखन करणारे छोटे शीर्ष तिला टेकून राहते. माहिती एकात एक असलेल्या वर्तुळाकार मार्गांवर लिहिली जाते आणि प्रत्येक मार्गाचे सारख्या क्षमतेचे खंड पाडलेले असतात. त्यामुळे कोणत्याही फ्लॉपीची क्षमता काढायला एक साधा गुणाकार पुरतो: मार्गांची संख्या, बाजूंची संख्या, एका मार्गावरील खंडांची संख्या आणि एका खंडातील बाइट.

आयबीएम कंपनीने पहिली फ्लॉपी १९७१ मध्ये बाजारात आणली. ती आठ इंची होती, फक्त वाचता येत असे आणि तिच्यात सुमारे ८० हजार बाइट मावत. मोठ्या संगणकांना सुरू होताना लागणाऱ्या सूचना भरणे एवढेच तिचे काम होते. १९७३ मध्ये त्याच कंपनीने लिहिता-वाचता येणारी आठ इंची चकती आणली. पुढे १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने सव्वापाच इंची चकती काढली, आणि १९८१ मध्ये सोनी कंपनीची कडक कवचातली साडेतीन इंची चकती आली. आपल्या शाळांना व कार्यालयांना परिचित असलेल्या चकत्यांचा हिशेब असा:

आठ इंची, १९७३: ७७ × १ × २६ × १२८ = २,५६,२५६ बाइट
सव्वापाच इंची, १९८१: ४० × १ × ८ × ५१२ = १,६३,८४० बाइट (१६० केबी)
सव्वापाच इंची, १९८३: ४० × २ × ९ × ५१२ = ३,६८,६४० बाइट (३६० केबी)
सव्वापाच इंची, १९८४: ८० × २ × १५ × ५१२ = १२,२८,८०० बाइट (‘१.२ एमबी’)
साडेतीन इंची: ८० × २ × ९ × ५१२ = ७,३७,२८० बाइट (७२० केबी)
साडेतीन इंची, १९८७: ८० × २ × १८ × ५१२ = १४,७४,५६० बाइट (‘१.४४ एमबी’)

विद्यार्थ्यांना हे गुणाकार स्वतः करायला सांगावेत. चकतीचा आकार लहान होत गेला आणि क्षमता वाढत गेली, हे त्यांना आकड्यांवरूनच दिसेल. मार्ग अधिक जवळजवळ आखता येऊ लागले, एका मार्गावर अधिक खंड बसू लागले आणि दोन्ही बाजू वापरात आल्या, ही त्यामागची कारणेही त्याच गुणाकारांत सापडतात.

१.४४ चे कोडे

आता शेवटची ओळ पुन्हा पाहू. १४,७४,५६० बाइट म्हणजे १.४४ मेगाबाइट कसे? मेगा म्हणजे दहा लाख हे विज्ञानातील माप धरले तर उत्तर येते १.४७४५६. संगणकवाले मेगा म्हणजे १०२४ × १०२४, म्हणजे १०,४८,५७६ धरतात. त्या मापाने उत्तर येते १.४०६२५. छापील आकडा या दोन्हींशी जुळत नाही.

कोडे सोडवायला ७२० केबीच्या चकतीकडे जावे लागते. तेथे एक केबी म्हणजे १०२४ बाइट. दोनचा दहावा घात १०२४ हा हजाराच्या अगदी जवळ आहे, म्हणून संगणकवाल्यांनी ‘किलो’ हा आयता शब्द त्याला चिकटवला. ७३७२८० ला १०२४ ने भागले की बरोबर ७२० येतात. पुढची चकती दुप्पट क्षमतेची, म्हणून १४४० केबी. इथपर्यंत सगळे ठीक आहे. मग १४४० केबीचे मेगाबाइट करताना १०२४ ने न भागता १००० ने भागले गेले आणि दशांशचिन्ह तीन घरे डावीकडे सरकले. म्हणजे या मेगाबाइटचा एक पाय १०२४ चा आणि दुसरा १००० चा. हा मेगाबाइट १०,२४,००० बाइटांचा आहे. १.४४ ला त्याने गुणून पाहा, बरोबर १४,७४,५६० येतात. ‘१.२ एमबी’ची चकतीही याच मिश्र मापाने मोजलेली आहे.

त्यामुळे रूपांतराचा पहिला नियम असा: फ्लॉपीवर छापलेल्या एमबीवरून थेट आजच्या जीबीकडे जाऊ नये. आधी बाइटपर्यंत खाली यावे, मग हव्या त्या मापात वर चढावे. बंगाली मणाचे मुंबईच्या मणात रूपांतर करताना आधी तोळ्यांपर्यंत किंवा ग्रॅमपर्यंत उतरावे लागते, तसेच हे आहे.

नया पैसा आणि मेबिबाइट

लहान मापांत हा फरक बोचत नाही. १०२४ आणि १००० यांत २.४ टक्के अंतर आहे. पण पायरीगणिक ते वाढते. मेगाला सुमारे ४.९ टक्के, गिगाला ७.४ टक्के आणि टेराला जवळजवळ १० टक्के. ‘१६ जीबी’चा नवा पेनड्राइव्ह संगणकाला जोडल्यावर तो १४.९ जीबीच दाखवतो आणि ग्राहकाला वाटते की दुकानदाराने फसवले. प्रत्यक्षात पेनड्राइव्ह बनवणारा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज ही प्रणाली १,०७,३७,४१,८२४ ने भागते आणि तरी नाव ‘जीबी’च लिहिते. अॅपलच्या मॅक संगणकांनी २००९ पासून १००० चे माप स्वीकारले आहे. म्हणजे एकच पेनड्राइव्ह दोन संगणकांवर दोन वेगळे आकडे दाखवू शकतो.

यावर आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये तोडगा मान्य केला. किलो, मेगा, गिगा हे शब्द केवळ दहाच्या घातांसाठी राखायचे. दोनच्या घातांसाठी किबि, मेबि, गिबि असे नवे उपसर्ग वापरायचे. त्यामुळे १०२४ बाइट म्हणजे एक किबिबाइट आणि १०,४८,५७६ बाइट म्हणजे एक मेबिबाइट.

आपल्याकडील थोरांना यावरून नया पैसा आठवेल. १९५७ मध्ये रुपयाचे १०० भाग झाले, पण जुना पैसा रुपयाचा ६४ वा भाग होता. गल्लत होऊ नये म्हणून नव्या नाण्यावर ‘नया पैसा’ असे लिहिले गेले आणि लोकांना सवय झाल्यावर १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द गळाला. जुना आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. हा पाव पैसा कोणी सोडायचा, यावर दुकानात वाद होत. मापाच्या नावात स्पष्टता आणण्याचा तो प्रयत्न यशस्वी झाला, कारण जुनी नाणी चलनातून गेली. मेबिबाइटला तेवढे यश आले नाही, कारण येथे दोन्ही मापे अजून चलनात आहेत.

आता गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. दहा चकत्या म्हणजे जास्तीत जास्त १,४७,४५,६०० बाइट, म्हणजे १४.७ मेगाबाइट. १६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हमध्ये अशा १०,८५० चकत्यांचा मजकूर मावेल. एका चकतीची जाडी ३.३ मिलिमीटर असते, तेव्हा एवढ्या चकत्या एकावर एक रचल्या तर सुमारे ३६ मीटर उंचीचा मनोरा होईल. एक टेराबाइटच्या, खिशात मावणाऱ्या साठवणपेटीसाठी ६,७८,१६८ चकत्या लागतील आणि मनोरा २.२ किलोमीटरच्या वर जाईल. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवरचे कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १,६४६ मीटरचे आहे. चकत्यांचा मनोरा त्याला खाली टाकेल. आणि उलट बाजूने पाहायचे तर मोबाइलवर काढलेला ३० लाख बाइटांचा एक फोटो दोन चकत्यांत मावत नाही, तिसरी लागते.

ज्ञानेश्वरी किती बाइटांची?

नेवाशात हा हिशेब करताना ज्ञानेश्वरी आठवणे साहजिक आहे. प्रवरेकाठच्या या गावात ज्ञानेश्वरांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० चा हा काळ. ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली अशी श्रद्धा आहे तो पैस खांब आजही मंदिरात आहे. सुमारे ९,००० ओव्यांचा हा ग्रंथ फ्लॉपीत मावेल का?

त्यासाठी एका ओवीची चिन्हे मोजावी लागतात. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात आपल्या कानाला चार अक्षरे ऐकू येतात: ज्ञा, ने, श्व, री. पण संगणक व्यंजन, हलन्त, काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण वेगळी साठवतो. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी अशी त्याच्या दृष्टीने ११ चिन्हे होतात. काही ओव्या अशा मोजल्यावर दंडासह सरासरी ५० देवनागरी चिन्हे आणि त्यांखेरीज मोकळ्या जागा व ओळ संपल्याच्या खुणा मिळून १०, असा अंदाज आम्ही बांधला. एकूण ६०.

आता प्रश्न येतो तो एका चिन्हाला किती बाइट, हा. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी संकेतांचे एक मानक ठरवले. ते ‘इस्की’ या नावाने ओळखले जाते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा आधार हेच संकेत होते. त्यात एका बाइटच्या २५६ खुणांपैकी खालचा अर्धा भाग रोमन लिपीला आणि वरचा अर्धा भाग भारतीय लिपीला दिलेला होता. म्हणजे एक चिन्ह, एक बाइट. या हिशेबाने ज्ञानेश्वरी ९,००० × ६० = ५,४०,००० बाइटांची. ३६० केबीच्या दोन चकत्यांत किंवा ‘१.४४’च्या एकाच चकतीत ती सहज बसते आणि चकतीचा अर्ध्याहून अधिक भाग मोकळा राहतो.

आज आपण युनिकोड वापरतो. त्यात जगातील सर्व लिप्यांच्या चिन्हांना स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले आहेत. हे क्रमांक बाइटांत लिहिण्याची सर्वांत रूढ पद्धत यूटीएफ-८ ही आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये रचली. तिच्यात १२७ पर्यंतच्या क्रमांकांना एक बाइट, २०४७ पर्यंत दोन आणि ६५,५३५ पर्यंत तीन बाइट लागतात. देवनागरी तिसऱ्या गटात येते. म्हणून आता एका ओवीला ५० × ३ + १० = १६० बाइट आणि संपूर्ण ज्ञानेश्वरीला १४,४०,००० बाइट लागतील.

चकतीची पूर्ण क्षमता १४,७४,५६० बाइटांची असली तरी तिच्या २,८८० खंडांपैकी ३३ खंड अनुक्रमणिकेसारख्या नोंदींत जातात. मजकुरासाठी उरतात ते २,८४७ खंड, म्हणजे १४,५७,६६४ बाइट. म्हणजे आपला अंदाज बरोबर असेल तर युनिकोडमधली ज्ञानेश्वरी ‘१.४४’च्या एका फ्लॉपीत अगदी काठोकाठ बसते. ओवीमागे दोन चिन्हे जास्त निघाली तर ती बसणार नाही. विद्यार्थ्यांनी शंभर ओव्या मोजून आमचा अंदाज तपासावा.

या हिशेबातून रूपांतराचा दुसरा नियम मिळतो. जुन्या चकतीवरचा मराठी मजकूर नव्या संकेतांत आणला की तो पावणेतीन पटीच्या आसपास फुगतो. ग्रंथ तोच, ओवी तीच, पण बाइट बदलले. बाइट हे साठवणीचे माप आहे, मजकुराचे नव्हे.

मापापलीकडचे

यानंतर आम्ही त्या दहा चकत्या वाचायचा प्रयत्न केला. यूएसबीला जोडायचा साडेतीन इंची फ्लॉपीवाचक आम्ही पुढच्या खेपेस नेवाशाला नेला. ‘१.४४’ची चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला ०.२ सेकंद. एकूण १६० मार्ग वाचायचे म्हणजे निदान ३२ सेकंद हवेत. दहापैकी सात चकत्या थोड्याफार वेळात वाचल्या गेल्या. दोन चकत्या पुन्हा पुन्हा त्याच जागी अडत होत्या. दुसरा वाचक मिळवून त्यावर चालवल्यावर त्यांतली एक पूर्ण आली आणि दुसरीचा बराचसा भाग आला. दहाव्या चकतीवर बुरशीचे पांढरे डाग होते. ती आम्ही वाचकात घातलीच नाही.

आलेला मजकूर उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती गिचमिड दिसली. त्या काळी अनेक मराठी अक्षरसंच कोणत्याही मानकाला धरून नव्हते. प्रत्येक अक्षरसंचात ‘क’चा बाइट वेगळा, काना वेगळा. फायलीत अक्षरे नसतात, क्रमांक असतात. त्या क्रमांकांचा अर्थ अक्षरसंच सांगतो. तो हरवला तर बाइट शाबूत असूनही मजकूर हरवतो. सुदैवाने टंकलेखन करणाऱ्या गृहस्थांना अक्षरसंचाचे नाव आठवत होते. मग कोणता क्रमांक म्हणजे कोणते चिन्ह, याचे कोष्टक करून ओव्या युनिकोडमध्ये आणता आल्या. पहिली ओवी पडद्यावर नीट उमटली तेव्हा गुरुजींनी ती मोठ्याने वाचली आणि सांगणाऱ्या आजींच्या गावाचे नाव सांगितले. दहाव्या चकतीवर काय होते ते त्यांना आठवत नव्हते.

अशा संग्रहांचे मोल किती, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील अनेक ओव्या २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावर वाचायला व ऐकायला मिळतात. ओवीमागे १६० बाइट धरले तर एक लाख ओव्यांचे १६० लाख बाइट होतात. म्हणजे हजारो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या त्या ओव्यांचा निव्वळ मजकूर ११ फ्लॉपींत मावला असता, आणि एका डबीसोबत नाहीसाही झाला असता.

नेवाशाच्या मातीत याचे दुसरे टोकही सापडते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वसाहतींचे पुरावे त्यांना मिळाले. दगडी हत्यारे आणि खापरे हजारो वर्षे मातीत पडून राहिली, त्यांना वाचक-यंत्र लागले नाही. लिखित शब्दाचे तसे होत नाही. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली ती सच्चिदानंदबाबांचे मूळ हस्तलिखित टिकले म्हणून नव्हे. पिढ्यांमागून पिढ्यांनी तिच्या नकला केल्या म्हणून ती आली. नकला करताना चुका शिरल्या, तेव्हा एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये अनेक प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. वेळेवर नक्कल करणे आणि मुळाशी ताडून पाहणे, ही दोन्ही कामे आजच्या साठवणीलाही चुकलेली नाहीत. पेनड्राइव्ह हा काही कायमचा ठेवा नाही. तो फक्त पुढच्या नकलेपर्यंतचा मुक्काम आहे.

शाळेत काय करता येईल?

सोनी कंपनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली. फ्लॉपीवाचक दुर्मीळ होत चालले आहेत आणि यूएसबीला जोडायचे वाचक साडेतीन इंची चकत्याच वाचतात. सव्वापाच इंची चकत्यांसाठी जुना संगणक किंवा खास जोडणी लागते. तेव्हा ज्या शाळांच्या कपाटांत जुन्या चकत्या आहेत, त्यांनी पुढील गोष्टी लवकर कराव्यात.

एक, साडेतीन इंची चकती वाचकात घालण्याआधी तिच्या कोपऱ्यातील सरकती खिटी सरकवून तेथील छिद्र उघडे करावे, म्हणजे चकतीवर चुकूनही काही लिहिले जात नाही. सव्वापाच इंची चकतीच्या कडेची खाच उलट चिकटपट्टीने बंद करावी. दोन, चकतीवर बुरशी किंवा ओरखडे दिसले तर ती घालू नये. शीर्ष खराब झाले की पुढच्या चांगल्या चकत्याही बिघडतात. तीन, संगणकाने ‘चकती नव्याने आखू का?’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणावे. चार, फायली एकेक न घेता शक्य तर संपूर्ण चकतीची प्रतिमा एका फायलीत घ्यावी. ‘१.४४’ची प्रतिमा बरोबर १४,७४,५६० बाइटांची असली पाहिजे. त्याहून कमी असेल तर काहीतरी मागे राहिले, हे समजावे. आपला गुणाकार येथे पडताळा म्हणून कामी येतो. पाच, मजकूर कोणत्या प्रणालीत आणि कोणत्या अक्षरसंचात टंकलेला होता, हे आठवणाऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवावे. सहा, किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि दर काही वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात.

वर्गासाठी दोन स्वाध्याय सुचवतो. पाठ्यपुस्तकातील एक कविता घेऊन तिची अक्षरे, चिन्हे आणि यूटीएफ-८ मधील बाइट मोजा, आणि ‘१.४४’च्या चकतीत अशा किती कविता मावतील ते काढा. दुसरा स्वाध्याय असा: घरातल्या पेनड्राइव्हवर छापलेली क्षमता आणि संगणक दाखवतो ती क्षमता यांचा भागाकार करा. तो ०.९३ च्या आसपास का येतो, याचे उत्तर आता विद्यार्थ्यांना स्वतः देता येईल.

गुरुजींनी अखेर १६ जीबीचे दोन पेनड्राइव्ह आणले. एक त्यांच्या घरी आहे, दुसरा शाळेत. वाचलेल्या ओव्यांचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये आल्यावरही त्यांचा हजारावा भाग भरला नाही. मुलींनी तो कागदावरही छापून घेतला आहे आणि गावोगाव जाऊन ज्या काही आज्या आज हयात आहेत त्यांच्याकडून तो ताडून पाहण्याचे काम सुरू केले आहे. दहाव्या चकतीतल्या ओव्याही त्यांच्यापैकी कोणाला आठवतात का, हे त्या विचारणार आहेत.